डाव्या पायाची मर्दुमकी

आमच्या कोकणात लग्नाच्या मांडवात जेवणे उरकली की पुरुषांच्या दोन गप्पा ठरलेल्या असतात. दुबई-कुवेतमध्ये आता पूर्वीसारखे काही राहिले नाही, ही पहिली. कोणी कोणती गाडी घेतली, ही दुसरी. आणि कोणी ऑटोमॅटिक घेतल्याचे कळले की एक तरी आवाज येतोच, "अरे, ती कसली गाडी? ती बायकांची गाडी! गाडी म्हणजे गिअरची." सगळे हसतात. ज्याने घेतलेली असते तो खुलासे द्यायला लागतो. बायकोला शिकायची आहे म्हणून घेतली, अब्बांनाही चालवता येईल म्हणून घेतली. 'मला बरी वाटली म्हणून घेतली' एवढे साधे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही.

हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता उत्तर लिहूनच टाकावे म्हणते. त्या एका वाक्यात दोन अपमान आहेत, एक गाडीचा आणि एक बायकांचा. गाडी काही मनावर घेत नाही.

मी मेकॅनिक नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. पण घरापासून शाळेपर्यंत रोज स्वतः गाडी चालवते. वाटेत चढ आहे, बाजार आहे, एसटी स्टँडसमोरची कोंडी आहे. सहा वर्षे गिअरची चालवली, आता तीन वर्षे बिनगिअरची चालवते आहे. त्यामुळे दोन्हीकडचे बोलायला माझ्याकडे थोडा तजुर्बा आहे.

मुळात गाडीला गिअर असतात ते चालवणाऱ्याचे कसब दिसावे म्हणून नव्हे. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनात एक उणीव आहे. ते थांबलेल्या अवस्थेतून जोर लावू शकत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या बरेच खाली गेले की धडपडते आणि बंद पडते. शिवाय त्याचा खरा जोर फेऱ्यांच्या एका ठरावीक टप्प्यातच मिळतो. म्हणून इंजिन फिरते ठेवून चाके थांबवायची तर मध्ये क्लच लागतो, आणि चढाला ताकद व सपाटीला वेग हवा तर मध्ये दातेरी चाकांच्या जोड्या लागतात. उणीव यंत्राची आहे. ती भरून काढायला शंभर वर्षे माणसाचा डावा पाय आणि एक हात कामाला जुंपला गेला. विजेच्या मोटरीत ही उणीव नाही, ती पहिल्या फेरीपासूनच जोर देते. म्हणून पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीला बदलायचे गिअर नाहीत आणि क्लचही नाही. यंत्राची उणीव झाकण्याच्या कामाला मर्दानगी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

बरे, हे प्रत्येक पिढीत झालेले आहे. एके काळी मोटार सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. हँडल उलटा फटका मारी आणि मनगटे मोडत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडलची मेहनत हळूहळू संपली. ज्यांच्या मनगटात ती ताकद नव्हती त्यांना, म्हणजे बायकांना आणि म्हाताऱ्यांना, मोटार एकट्याने बाहेर काढता येऊ लागली. मग गिअर बदलताना दाते करकरू नयेत म्हणून दोनदा क्लच दाबण्याची कला होती. जुने ट्रकवाले अजून 'डबल क्लच'च्या आठवणी सांगतात. कॅडिलॅकनेच १९२८ साली सिंक्रोमेश आणले आणि तीही कला गेली. आज गिअरची गाडी चालवणारा जो वीर 'आम्ही स्वतः गिअर टाकतो' म्हणून मिशीला पीळ देतो, त्याच्या गिअरबॉक्सने अर्धे काम त्याला न सांगता आधीच करून ठेवलेले असते. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही कालपरवाचे फॅड नव्हे. जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबाईलमध्ये विकायला काढला होता. तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचे राज्य होते.

लांब कशाला जायचे? महाराष्ट्रातल्या दुचाकीचा इतिहास बघा. १९७२ ची किनेटिकची लूना. गिअर नाही, पायडल मारा आणि चला. १९८४ साली किनेटिक आणि होंडा एकत्र आले, त्यांची स्कूटर बटनावर सुरू होई आणि तिला गिअर नव्हते. मग २००० च्या सुमारास होंडाची अॅक्टिव्हा. या गाड्यांवरून नर्स ड्यूटीला गेली, मुली कॉलेजला गेल्या, शिक्षिका वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत पोचल्या. दुसरीकडे बजाजचा चेतक होता. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर, आणि सुरू होत नसला तर कलंडवून मग किक. चेतकवर एका पिढीच्या बापांचे प्रेम होते, ते मी समजू शकते. पण तोच चेतक जानेवारी २०२० मध्ये पुन्हा बाजारात आला तेव्हा विजेवर आला, आणि त्याला क्लच नव्हता, गिअरही नव्हते. त्याला कोणी बायकांचा चेतक म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि मांडवात हसणाऱ्या त्या मामूंची अॅक्टिव्हा बाहेर उभी असतेच की. तिच्यात पट्टा आणि कप्प्या आहेत. वेग वाढेल तशा कप्प्या पट्ट्याची जागा बदलतात, म्हणजे तीही ऑटोमॅटिकच. बऱ्याच सीव्हीटी कारमध्ये तत्त्व हेच आहे. मग स्कूटरला चालते ते कारला का चालत नाही? कारण स्कूटर हे रोजचे काम आहे आणि कार ही इज्जत आहे. कामात सोय चालते, इज्जतीत चालत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या आमच्या गावांत फिरून बघा. किती घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली गाडी दिसते! घरचा पुरुष आखातात. दोन वर्षांनी महिना-दीड महिना सुट्टीवर येतो, तेव्हा गाडी धुतली जाते, नातेवाइकांकडे फिरते. तो परत गेला की ताडपत्री. तीन महिन्यांनी बॅटरी बसते, सहा महिन्यांनी उंदीर वायर खातात. आणि त्या घरात राहते कोण? सासू, सासरे, सून आणि मुले. रात्री दोन वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले की सून चप्पल घालून शेजारच्या पोराला उठवायला जाते, तो मिळाला नाही तर रिक्षावाल्याला फोन लावत बसते. दारात आठ-दहा लाखांची गाडी उभी असते. चावी खुंटीला असते.

ती सून गाडी शिकली नाही का? बहुतेक वेळा शिकायला गेलेली असते. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशी स्वतंत्र क्लच आणि ब्रेक. पहिल्याच दिवशी 'क्लच हळू सोडा मॅडम, हळू'. गाडी गचके खाते, बंद पडते, मागून डंपर हॉर्न मारतो. चौथ्या दिवशी चढावर गाडी मागे जाते. आमच्याकडे सपाट रस्ता तसा शोधावाच लागतो. पंधरा-वीस दिवसांचा कोर्स होतो, लायसन्सही मिळते, कारण परीक्षेच्या दिवशी बराचसा क्लच शिकवणाऱ्याचा पायच सांभाळतो. मग घरची गाडी बाहेर काढायची वेळ येते आणि हिंमत होत नाही. घरचे म्हणतात, "बघितलंस? बायकांचं कामच नाही हे."

बी.एड.ला आम्हाला अध्यापनाची सूत्रे पाठ करायला लावली होती. सोप्याकडून कठीणाकडे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे. दहावी-बारावीची मुले शिकवता शिकवता त्यातली निम्मी सूत्रे मी विसरले, पण हे पहिले विसरता येत नाही, कारण ते रोज वर्गात खरे ठरते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये याच्या बरोबर उलट चालते. गाडी चालवण्यातली मुख्य गोष्ट कोणती? रस्ता वाचणे. समोरचा रिक्षावाला आता वळणार, हे त्याच्या मानेवरून ओळखणे. वळणावर आपली बाजू न सोडणे. आरशात बघणे, अंतर ठेवणे, पावसात वेग आधीच कमी करणे. शिकणाऱ्याचे लक्ष ही मर्यादित चीज आहे. ते सगळे लक्ष डाव्या पायाच्या घोट्यात अडकवून ठेवले तर रस्ता वाचायला डोके उरणार कुठून? पहिलीच्या मुलाला बोरू तासायला बसवावे आणि तासता आला नाही म्हणून 'तुझ्या नशिबी अक्षरच नाही' म्हणावे, तसला हा प्रकार.

ज्यांना पुढे गिअरची शिकायची आहे त्यांनी खुशाल शिकावी. महिनाभर बिनगिअरची चालवून रस्त्याची भीती गेलेली मुलगी क्लच आठवड्यात शिकते, हे मी माझ्या दोन सहकारी शिक्षिकांच्या बाबतीत बघितले आहे. एक बारीकशी व्यवहाराची गोष्टही सांगून टाकते, पुरुषांच्या लक्षात ती येणार नाही. अबाया घालून तीन पेडल सांभाळायची तर कापडाचा घेर कुठे आवरायचा हा रोजचा प्रश्न असतो. दोन पेडल आणि मोकळा डावा पाय असला की तो सुटतो.

गंमत अशी की ज्या आखातातून हे भाईलोक परत येतात तिथे जवळजवळ सगळ्याच गाड्या ऑटोमॅटिक. कोणी हाउस ड्रायव्हर म्हणून, कोणी कंपनीच्या गाडीवर, वर्षानुवर्षे तीच गाडी चालवलेली. अमिरातीत तर ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसन्सही तेवढ्यापुरतेच मिळते, आणि बहुतेक जण तेच घेतात. शेखच्या सात-आठ सीटच्या ऑटोमॅटिक गाडीत बसून यांची मर्दानगी कधी कमी झाली नाही. कशेडीचा बोगदा ओलांडून गावात शिरल्यावरच ती कमी व्हायला लागते. सौदी अरेबियात २४ जून २०१८ पासून बायका अधिकृतपणे गाडी चालवू लागल्या. त्या दिवसाच्या बातम्या आमच्या मोहल्ल्यातल्या पुरुषांनी एकमेकांना कौतुकाने पाठवल्या होत्या. रियाधच्या बायकांचे कौतुक आणि घरची चावी खुंटीला.

आता विरोधातले खरे मुद्दे. ते आहेत, आणि मी ते टाळणार नाही.

मायलेजचा मुद्दा आता जुना झाला. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणली. हा गिअरबॉक्स म्हणजे आपला नेहमीचाच, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम एक यंत्र करते. इंधनाचा हिशोब त्यामुळे जवळपास गिअरच्या गाडीइतकाच. किमतीचा मुद्दा मात्र खरा आहे. छोट्या गाडीत एएमटीसाठी साधारण पन्नास हजारांच्या आसपास जास्त मोजावे लागतात, बाकी प्रकारांत लाखाच्या पुढे. पण सनरूफसाठी तेवढेच पैसे हसत देणाऱ्या आणि पोरांना त्यातून डोकी बाहेर काढू देणाऱ्या माणसाने बायकोच्या डाव्या पायासाठी काटकसर सांगू नये. एएमटी गिअर बदलताना मान हलवते, हेही खरे. अॅक्सिलरेटर क्षणभर हलका केला की तो गचका बराच कमी होतो. आठवडाभरात सवय होते.

घाटाचा मुद्दा अधिक गंभीर. "कुंभार्ली उतरताना तुमची ऑटोमॅटिक काय करणार?" असे मला विचारतात. उत्तर असे की गाडी बिचारी तुम्ही सांगाल ते करणार, पण तुम्हाला सांगता आले पाहिजे. 'डी'मध्ये सोडून दिली तर ती उतारावर वरचा गिअर टाकू शकते, इंजिनचा अडसर कमी होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणून उतार लागण्याआधी लिव्हर 'एम'वर घ्यावा आणि दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवावा, काही गाड्यांत 'एल' असतो तो वापरावा. इतके सोपे आहे. पण हे सांगते कोण? माझी गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या मुलाने पडद्यावर गाणी कशी लावायची, आवाज देऊन काच कशी उघडायची यात अर्धा तास घालवला. घाटाबद्दल एक शब्द नाही. मी विचारले तर म्हणाला, "मॅडम, सगळं ऑटोमॅटिक आहे." हे उत्तर धोकादायक आहे.

आणि घाटात गिअरवाले तरी काय करतात? निम्मे लोक पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडतात. हे काही दशकांपूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांमधले शहाणपण आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन जळते. म्हणजे पेट्रोलही वाचत नाही आणि इंजिनचा अडसरही गेला. लिव्हर हातात असणे आणि अक्कल डोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मुद्दा गॅरेजचा, आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. "बिघडली तर आपला उस्ताद दुरुस्त करू शकणार नाही." आमच्या समाजातली किती मुले नववी-दहावीतून उठून गॅरेजमध्ये जातात हे मला हजेरीपटावरून कळते. क्लचप्लेट बदलणे ही त्या गॅरेजांची भाकरी आहे. क्लच गेला तर त्या भाकरीचे काय? हा प्रश्न मर्दानगीच्या गप्पांपेक्षा शंभरपट खरा आहे.

उर्दूच्या शिक्षकाला तो ओळखीचाही आहे. आमच्याकडे कातिब होते. उर्दूची पुस्तके, वर्तमानपत्रे, लग्नाच्या पत्रिका, सगळे नस्तालीक लिपीत हाताने लिहून मग छापले जायचे. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने उर्दू दैनिक संगणकावर आणले. नव्वदच्या दशकात दिल्लीत तयार झालेले इनपेज गल्लोगल्ली पोचले आणि कातिबांचे काम गेले. ते दुःख खरे होते. काही कातिब शेवटपर्यंत संगणकाला शिव्या देत बसले. काही जण मात्र त्याच संगणकासमोर बसले, आणि ज्याला अक्षराची नजर होती त्याने मांडलेले पान इतरांपेक्षा देखणे दिसे. आणि नूरी नस्तालीक म्हणजे तरी काय, जमीलसाहेबांनी स्वतः हाताने लिहिलेली हजारो जोडअक्षरेच. कातिबाचा हात यंत्राच्या आत गेला होता. एएमटीच्या आतही तोच जुना गिअरबॉक्स आहे. क्लचप्लेट तीच झिजते, ती बदलणारा तोच उस्ताद लागतो. फक्त नंतर संगणक जोडून क्लचचा टप्पा नव्याने शिकवावा लागतो. हे शिकायला आमच्या मुलांना काय अडचण आहे? आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. पण त्यासाठी दहावी व्हावे लागते, गणित-विज्ञानाची भीती जावी लागते. उस्तादांना माझी विनंती एवढीच की चौदा वर्षांच्या शागिर्दाला पाना देण्याआधी त्याला माझ्याकडे परत पाठवा. दोन वर्षांनी तो तुमच्याकडेच येईल, स्कॅनर वाचता येणारा होऊन.

शिवाय 'साधी गाडी कुठेही दुरुस्त होते' हा समज चिपळूणकरांनी तरी बाळगू नये. जुलै २०२१ च्या पुरात गाड्या बुडाल्या त्यात गिअरच्याही होत्या आणि बिनगिअरच्याही. इंजिन चालवणारा संगणक दोन्हीत असतो. पाण्याने भेदभाव केला नाही.

इतके बोलून मी काय म्हणते? गाडीतले सगळे आपोआप चालणारे चांगले? अजिबात नाही. माझा खरा राग तर पुढेच आहे.

एबीएस घ्या. पूर्वी ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊ नये म्हणून ब्रेक थोडा थोडा सोडून दाबायची कला होती. एबीएस तेच काम सेकंदाला कित्येक वेळा करते आणि तुम्हाला स्टिअरिंग वळवायला मोकळे ठेवते. एप्रिल २०१९ पासून ते नव्या कारमध्ये सक्तीचे आहे आणि ते असलेच पाहिजे. ते तुम्हाला आळशी करत नाही, फक्त संकटात धावून येते. गिअर बदलणारे यंत्र हातापायाची हमाली घेते. या दोन्हींत डोळे तुमचेच राहतात.

आता तिसरी जात आली आहे, जी म्हणते डोळेही आम्हाला द्या. काचेवर कॅमेरा, बंपरमध्ये रडार. गाडी पट्ट्यात ठेवते, पुढच्या गाडीमागे अंतर ठेवून स्वतः वेग कमी-जास्त करते. २०२१ साली चाकणच्या महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही सोय घेऊन आली आणि आता ती त्याहून छोट्या गाड्यांतही मिळते. आपोआप ब्रेक लावण्याचा भाग मला मान्य आहे, तो एबीएसच्या जातीचा आहे. पण गाडी पट्ट्यात राहणार म्हणजे आधी रस्त्यावर पट्टा हवा ना! मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून आमच्या नशिबी आहे. कुठे पट्टा आहे, कुठे जुना आणि नवा असे दोन आहेत, कुठे रस्ताच वळवलेला आहे. पावसाळ्यात रात्री कोरड्या डांबरावर गुरे बसतात. काळी म्हैस, काळे डांबर, वर धुके. घाटमाथ्यावर गेलात तर उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. उभी वाहने आणि जनावरे दर वेळी ओळखता येतीलच असे नाही, असा इशारा कंपन्याच आपल्या पुस्तिकेत देऊन ठेवतात. जोरदार पावसात तर यंत्रणा स्वतःच 'उपलब्ध नाही' असा संदेश देऊन बाजूला होते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. या पायरीवर जबाबदारी पूर्णपणे चालवणाऱ्याची राहते. जाहिरातीत मात्र नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसत असतात.

आणि ही यंत्रणा चालू करून मांडीवर मोबाईल ठेवतो कोण? तोच, ज्याला गिअर स्वतः टाकण्याचा फार अभिमान. हमाली सोडायला तयार नाही, नजर मात्र फुकट देऊन बसला. पट्टा लावला नाही की गाडी पिंपिं करते, तर तिचे तोंड बंद करायला बकलात अडकवायची क्लिप हाच विकत आणतो. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विकणाऱ्या पाच कंपन्यांविरुद्ध त्या क्लिपांसाठी आदेश काढावे लागले, इतका त्यांचा खप. जे यंत्र जीव वाचवायला ओरडते त्याला गप्प करायचे, आणि जे यंत्र झोप आणते त्याच्या भरवशावर राहायचे. ही निवड बायकांनी केलेली नाही.

टचस्क्रीनचेही तेच. पूर्वी एसीचे बटन नजर न हलवता बोटाने सापडायचे. आता पंखा कमी करायला पडद्यावर तीन ठिकाणी टोचायचे, तेही खड्ड्यांतून जाताना. युरोपातल्या सुरक्षा चाचणी करणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या मूलभूत गोष्टींना हाताला लागणारी बटने असावीत, नाहीतर पाच तारे मिळणे अवघड, असे ठरवले. आपल्याकडचे गिऱ्हाईक अजून पडदा किती इंचांचा हे विचारते आहे.

ज्या बहिणी हे वाचून यंदाच्या सुट्टीत नवऱ्याकडे ऑटोमॅटिकचा विषय काढतील त्यांनी शोरूममध्ये दोन गोष्टी कराव्यात. गाडी स्वतः चालवून बघावी, नवऱ्याने चालवलेली मागे बसून नव्हे. आणि एखाद्या चढावर थांबून, ब्रेक सोडून बघावे की गाडी मागे जाते का. चढावर गाडी दोन-तीन सेकंद धरून ठेवणारी सोय काही मॉडेलमध्ये असते, काहींत फक्त महाग प्रकारात असते. आपल्या रस्त्यांना ती हवीच. सनरूफ सोडा, ही घ्या.

आणि ज्या भाईंना ही बायकांची गाडी कधीमधी चालवावी लागेल त्यांच्यासाठी एक सूचना. वीस वर्षे क्लच दाबलेला डावा पाय ऑटोमॅटिकमध्येही सवयीने क्लच शोधतो. क्लच नसतो, तिथे ब्रेकचे रुंद पेडल असते, आणि ते क्लचच्या जोराने दाबले की गाडी जागच्या जागी थांबते आणि मागे बसलेल्या खालाजान पुढच्या सीटवर आदळतात. ही चूक नवशिक्या मुली करत नाहीत, जुने जाणतेच करतात. तेव्हा पहिले आठ दिवस डावा पाय मागे ओढून, टाच सीटखाली टेकवून बसावे. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्हीला उजवाच पाय.